एका डब्यात मुलुंड आणि परत

“विझव! आधी ती मेणबत्ती विझव!” जानकी दबक्या आवाजात ओरडली. “पेट्रोलच्या टाकीपाशी कुणी ज्योत आणतं का, रीटा?”

“मग मेण वितळणार कसं?”

“मे महिना आहे बाई! तुझ्या भावाच्या मुठीत दे. रागाने तो नाहीतरी तापलेलाच आहे.”

मार्कसने तोंड वाकडे केले, पण मेणबत्तीचा तुकडा मुठीत घेऊन तो इतक्या जोराने मळला की थोड्याच वेळात त्याचा लुसलुशीत गोळा झाला. जानकीने त्याची बारीक वळी केली आणि फियाटच्या पेट्रोलच्या झाकणाभोवती ती काळजीपूर्वक दाबून बसवली. रीटाने डोक्यावरचा एक लांब केस उपटला आणि कळवळतच तो त्या मेणात आडवा रुतवला. आता झाकण उघडायचे म्हटले तर केस तुटल्यावाचून राहणार नव्हता.

“झकास!” मार्कस म्हणाला. “आता कोण चोर आहे ते कळेलच.”

जानकीने मेणावरून पुन्हा एकदा बोट फिरवले.

ही खटपट गंमत म्हणून चाललेली नव्हती. मार्कस आणि रीटा यांचे वडील बेनेडिक्ट स्वतः ही फियाट चालवीत, तेव्हा पेट्रोलने भरलेला ठरावीक पत्र्याचा डबा टाकीत ओतला की देवनार गावठाणातून मुलुंडला जाऊन परत येता येई. “एका डब्यात मुलुंड आणि परत!” हे वाक्य त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला इतक्या वेळा ऐकवले होते की लहान मुलेही ते म्हणून दाखवीत. पुढे त्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. तेव्हा संपात गिरणी बंद पडल्यामुळे घरी बसलेले जानकीचे वडील सहदेव त्यांच्याकडे ड्रायव्हर म्हणून लागले. हिवाळाभर सारे सुरळीत चालले होते. उन्हाळा सुरू झाला आणि तोच डबा परतीच्या वाटेवर विक्रोळीलाच संपू लागला!

याचा अर्थ लावायला बेनेडिक्टनी फार वेळ घेतला नाही. आदल्या संध्याकाळी घराच्या पायरीवर उभे राहून, सारी गल्ली ऐकत असताना, त्यांनी सहदेवना पेट्रोलचोर म्हटले. “उद्या तपासणीला आणि परवा चष्मा आणायला मला मुलुंडला जायचंय. तेवढं कर, आणि मग पुन्हा या दारात दिसू नकोस!”

पेट्रोलचोर असे नाव पडलेल्या माणसाच्या हाती देवनारपासून घाटकोपरपर्यंत कोण गाडी देणार होते? सहदेवनी घरी जाऊन एवढेच सांगितले, की मुंबई आता पुरे झाली, गावी जाऊ. म्हणजे जानकीची शाळा सुटणार होती आणि तिच्याच वर्गातल्या मार्कसची सोबतही. परंतु जानकीच्या मनात याहूनही मोठी एक भीती होती, जी तिने कुणालाच सांगितली नव्हती. मुलुंडहून परतताना तो केस तुटलेला आढळला तर?

“पप्पा आले!” रीटा कुजबुजली. तिघेही गाडीपासून दूर सरकले आणि अंगणातल्या चिकूच्या झाडाकडे जणू प्रथमच पाहत आहेत अशा मुद्रेने पाहू लागले.

बेनेडिक्ट डोळ्यांवर काळा चष्मा लावून आले. त्यांनी चाचपत गाडीच्या बॉनेटवरचे कुलूप ओढून पाहिले. बॅटरीचोरांचा त्यांना इतका धसका होता की बॉनेटला त्यांनी साखळी आणि कुलूप घातले होते, आणि त्याची किल्ली क्रुसाच्या गोफात ओवून गळ्यात ठेवली होती. बॉनेट उघडून पाणी आणि ऑइल पाहण्याचा अधिकार त्यांनी कुणालाही दिलेला नव्हता, सहदेवना तर नाहीच नाही.

“पप्पा, आम्ही पण येऊ?” मार्कसने विचारले. “सुट्टीत घरी बसून कंटाळा आलाय.”

“या. आणि ही सहदेवची पोरगी?”

“माझी मैत्रीण आहे ती!” रीटा ठणकावून म्हणाली. “ती नाही तर मी पण नाही.”

बेनेडिक्ट हुंकारले आणि गाडीत बसले. सहदेवनी मुकाट्याने दार लावले.

गाडी मुलुंडला पोहोचली. दवाखान्यापाशी बेनेडिक्ट मार्कसचा हात धरून आत गेले. सहदेव समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकावर जाऊन बसले, आणि जानकी व रीटा यांनी गाडीच्या मागल्या बाजूला अशी बैठक मारली की टाकीपाशी माशी आली असती तरी त्यांना दिसली असती. माशीदेखील आली नाही.

“केस?” बाहेर आल्याबरोबर मार्कसने ओठ न हलवता विचारले.

“जागच्या जागी,” जानकीने उत्तर दिले, आणि सकाळपासून प्रथमच तिने मोकळा श्वास घेतला.

तो मोकळेपणा विक्रोळीपर्यंतच टिकला. हमरस्त्यावर गाडीने दोन आचके दिले, एकदा फुरफुरली आणि थांबली.

“संपलं?” बेनेडिक्ट कडाडले. “पुन्हा इथेच संपलं? सहदेव, अरे थोडी तरी लाज!”

“पप्पा, थांबा!” मार्कस उडी मारून खाली उतरला. “निघायच्या आधी आम्ही झाकणाला मेण लावलं होतं. हा बघा केस! हात लावून बघा! झाकण कुणी उघडलेलंच नाही!”

“मेण! केस! चोराला झाकणच कशाला लागतं? खालून नळी काढली असेल.”

“आम्ही पूर्ण वेळ गाडीपाशी होतो,” जानकी म्हणाली.

“तू काय, बापाचीच बाजू घेणार!”

सहदेव झाकणाजवळ आले. त्या बारीक वळीकडे त्यांनी वाकून पाहिले आणि मग आपल्या मुलीकडे पाहिले.

“ह्यां तू लावलंस, जानू?”

जानकीने मान खाली घातली. तिला सांगायचे होते, की हे तुम्हांला सोडवण्यासाठी होते, बाबा. पण ते संपूर्ण सत्य नव्हते, आणि तिला ते ठाऊक होते. डिकीतला रिकामा डबा उचलून सहदेव पेट्रोलपंपाच्या दिशेने चालू लागले. त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहताना जानकीच्या डोळ्यांत पाणी आले.

“रडू नकोस ना गं,” रीटा गहिवरून म्हणाली आणि मैत्रिणीला बिलगण्यासाठी पुढे झाली. त्या गडबडीत तिचा पांढरा फ्रॉक धुराच्या नळकांड्याला घासला. “अगं बाई! वाट लागली माझ्या फ्रॉकची! मम्मी मारणार!”

फ्रॉकवर काजळाचा भला मोठा पट्टा उमटला होता. जानकीने डोळे पुसले, त्या पट्ट्यावरून बोट फिरवले, मग ते बोट डोळ्यांसमोर धरले आणि ती तशीच थबकली.

“मार्कस, ही काजळी मी पाहिली आहे.”

“कुठे?”

“आमच्या पातेल्याखाली! वातीच्या स्टोव्हची भोकं बुजली ना, की ज्योत पिवळी पडते, पातेलं असं काळं होतं, आणि रॉकेल बघता बघता संपतं. भात मात्र कच्चाच राहतो. माझी आई सुईने भोकं साफ करते, की स्टोव्ह पुन्हा नीट जळतो.”

“पण गाडीत स्टोव्ह कुठे आहे?”

“अरे, पेट्रोलसुद्धा जळतंच ना? मग त्यालाही हवा लागणारच! हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळणार, धूर काळा येणार, गाडीला जोर मिळणार नाही आणि टाकी लवकर रिकामी होणार. पेट्रोल कुणी चोरत नाहीये, ते वाया जातंय!”

मार्कस विचारात पडला. वाद घालण्याची एकही संधी तो सहसा सोडीत नसे, परंतु या तर्कात त्याला फट सापडेना. “बॅटरी बदलली तेव्हा मी पाहिलं होतं,” तो सावकाश म्हणाला. “इंजिनावर एक गोल डबा आहे, त्याला सोंडेसारखं तोंड आहे. हवा तिथूनच आत जात असणार. पण बॉनेटला कुलूप आहे.”

“पप्पांना सांगू या?” रीटाने विचारले.

“मार्कस, तूच सांगून बघ!” जानकी म्हणाली.

मार्कसने सांगून पाहिले. बेनेडिक्टनी काच खाली करून ऐकले आणि ती पुन्हा वर केली. “दर रविवारी मी स्वतः बघतो. इंजिन ठणठणीत आहे. खराब झालाय तो ड्रायव्हर!”

तिघे पुन्हा गाडीमागे जमले. सहदेव परत यायला फार वेळ लागणार नव्हता, आणि आज हे बॉनेट उघडले नाही तर ते पुन्हा कधी उघडेल याचा नेम नव्हता. अचानक रीटाचे डोळे चमकले. ती पुढे धावली, बॉनेटवर वाकली आणि किंचाळली, “पप्पा! कुलपावर ओरखडे आहेत! कितीतरी!”

बेनेडिक्ट एवढ्या चपळाईने खाली उतरले की काळा चष्मा गाडीतच राहिला. “बॅटरी! माझी बॅटरी!”

“ओरखडे खरंच आहेत?” जानकीने हळूच विचारले.

“खरंच आहेत,” रीटा कुजबुजली. “पप्पांना भोक दिसत नाही, तेच किल्लीने खरडतात.”

साखळी निघाली, बॉनेट वर गेले. बेनेडिक्ट दोन्ही हातांनी बॅटरी चाचपू लागले. जानकीची नजर मात्र त्या गोल डब्याच्या सोंडेवर खिळली. सोंडेचे तोंड दिसतच नव्हते! त्याभोवती लाल चौकडीच्या कापडाचे एकावर एक वेढे गच्च आवळून बांधलेले होते आणि त्यांवर राखेचा थर बसून त्यांचा चिखल झाला होता.

“अंकल, हे काय आहे?”

“ते? ते माझं डोकं!” बॅटरी सुखरूप आहे हे कळल्यामुळे बेनेडिक्टचा स्वर निवळला होता. “उन्हाळ्यात डम्पिंगच्या कचऱ्याला आग लागते, आणि ती राख सगळ्या देवनारभर उडते. आपण खिडक्यांना ओली फडकी बांधतो की नाही? मग इंजिनाने काय पाप केलंय? दर रविवारी एक नवं फडकं बांधतो आणि पाणी मारतो.”

“आणि जुनं?”

“जुनं कशाला काढायचं? जितकी जास्त, तितकी राख कमी!”

मार्कसने कपाळाला हात लावला. “पप्पा, अहो, नाक दाबून तुम्ही चर्चपर्यंत तरी पळू शकाल का? काढा ती!”

“खबरदार, हात लावलास तर! राख आत गेली की इंजिन संपलं! बाजूला हो!”

त्यांनी बॉनेटला हात घातला. ते खाली येणार, कुलूप लागणार, आणि सहदेव कायमचे चोर ठरणार! जानकीने रीटाकडे पाहिले. रीटाने क्षणभर विचार केला आणि दोन्ही हातांनी डोळा झाकला.

“पप्पा! माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं! दिसत नाहीये मला!”

ज्याच्या स्वतःच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्या माणसावर या शब्दांचा काय परिणाम झाला असेल, हे सांगायला नको. “चोळू नकोस! इकडे बघ! पाणी आणा कुणीतरी!” बेनेडिक्ट लेकीपाशी गुडघ्यांवर बसले. तेवढ्यात मार्कसने गाठ ओढली, तो ओला गोळा उपटला आणि शर्टाच्या आत कोंबला.

“गेलं वाटतं,” रीटा डोळे मिचकावत म्हणाली.

बॉनेट बंद झाले. राखेचे काळे पाणी मार्कसच्या पोटावरून चड्डीत उतरत होते. पण इतक्या समाधानाने भिजलेला मुलगा त्या रस्त्याने क्वचितच गेला असेल.

सहदेव घरापुरते पेट्रोल घेऊन आले. घरी पोहोचताच बेनेडिक्टनी आपला हुकूम सुनावला. उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवून टाकी कोरडी करायची. सकाळी डबा ते स्वतः ओतणार. “आणि मुलुंडला मी गाडीतून उतरणारच नाही! चष्मा मार्कस आणील. बघतो पेट्रोल कसं जातं ते!”

मुलांनी एकमेकांकडे पाहिले. अशी काटेकोर परीक्षा त्यांना स्वतःलाही आखता आली नसती.

दुसऱ्या दिवशी निघताना सहदेवचा चेहरा दगडासारखा होता. गाडी रस्त्याला लागल्यावर मात्र त्यांनी एकदा मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकला. “आज गाडी हलकी लागते, साहेब.”

“पुढे बघ!” बेनेडिक्ट म्हणाले.

मुलुंड आले. मार्कस धावत जाऊन चष्मा घेऊन आला. मग परतीचा रस्ता लागला. भांडुप गेले, कांजूर गेले. विक्रोळी जवळ आली तसा रीटाने जानकीचा हात घट्ट धरला. काल गाडी थांबली होती ती जागा समोर दिसली, बाजूने सरली आणि मागे पडली!

“विक्रोळी गेली!” मार्कस ओरडला.

“ओरडू नकोस रे,” जानकी पुटपुटली. “अजून घर यायचंय.”

घाटकोपर ओलांडले, चेंबूर ओलांडले. आणि देवनारच्या वळणावर गाडी थबकली! कत्तलखान्याकडे निघालेल्या बकऱ्यांचा कळप रस्ताभर पसरला होता. इंजिन जागच्या जागी धडधडत राहिले, आणि प्रत्येक धडधडीबरोबर टाकीतले थेंब कमी होत होते. सहदेवनी किल्ली फिरवून ते बंद केले. बकऱ्या रेंगाळत, बें बें करत, एकमेकींना ढुशा देत चालल्या होत्या. शेवटची बकरी बाजूला झाली तेव्हा सहदेवनी पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन कुरकुरले आणि गप्प झाले.

“संपलं का गं?” रीटाचा आवाज रडवेला झाला.

सहदेवनी थोडे थांबून पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन खोकले, अडखळले आणि सुरू झाले! गावठाणाच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा तिघांनी एवढा गलका केला की घराघरांतून माणसे बाहेर आली.

“मामा, इंजिन बंद करू नका!” मार्कस सहदेवना म्हणाला.

बेनेडिक्ट उतरले. नवा चष्मा त्यांच्या नाकावर होता आणि चेहऱ्यावर विजय होता. “पाहिलंत सगळ्यांनी? एका डब्यात मुलुंड आणि परत! आज मी क्षणभरही हललो नाही, म्हणून चोरी झाली नाही. चोरी झाली नाही, म्हणून पेट्रोल पुरलं. आता आणखी काय पुरावा पाहिजे?”

गल्लीत कुजबुज झाली. सहदेवनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. जिंकलेली बाजी डोळ्यांदेखत उलटते आहे हे जानकीला दिसले. ती पुढे झाली.

“अंकल, एक सांगू? चोरी झाली हे खरंय. पण ती काल झाली, आणि ती आम्ही केली.”

“काय?”

मार्कसने सोबत आणलेल्या पिशवीतून ते चिखलाळलेले फडके काढले. “हे चोरलं, पप्पा! कालच्या आणि आजच्या फेरीत एवढाच फरक आहे. तुमचा विश्वास बसत नसेल तर आत्ता पुन्हा बांधून बघा. तुमच्याच हाताने!”

“त्याने काय होणार आहे?”

“काहीच होणार नसेल, तर बांधायला हरकत काय?”

बेनेडिक्टनी गळ्यातली किल्ली काढली. साऱ्या गल्लीसमोर त्यांनी बॉनेट उघडले. नव्या चष्म्यातून ते फडके त्यांना प्रथमच स्वच्छ दिसले, आणि ते जरा दचकले. तरीही त्यांनी ते भिजवून सोंडेभोवती आवळले.

“मामा, दाबा!” मार्कस म्हणाला.

सहदेवनी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन घुसमटल्यासारखे गुरगुरले आणि नळकांड्यातून काळ्याकुट्ट धुराचा लोट बाहेर पडला.

“सोडा!”

फडके सुटले. इंजिनाने जणू छाती भरून श्वास घेतला. आवाज एकसारखा झाला आणि धूर विरळ होत नाहीसा झाला. बेनेडिक्टनी ते पुन्हा बांधले, तर पुन्हा लोट आला. पुन्हा सोडले, तर पुन्हा हवा स्वच्छ!

“माझे वाळत घातलेले कपडे काळे केलेत!” मार्कस-रीटाची आई मार्सेलिना धावत आली आणि फडके पाहताच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “बेनेडिक्ट! ही माझ्या लुगड्याची फडकी! खिडकीची फडकी कुठे जातात म्हणून मी घरभर शोधतेय, आणि तू गाडीला नेसवतोयस?”

गल्ली खो खो हसली. बेनेडिक्ट मात्र हसले नाहीत. त्यांनी हातातला चिखल खाली टाकला. मग ते पायरीवर चढले.

“परवा इथूनच मी बोललो होतो,” ते म्हणाले, आणि त्यांचा नेहमीचा चढा आवाज अडखळला. “ज्यांनी ते ऐकलं, त्यांनी आता हेही ऐका. सहदेवने पेट्रोलचा थेंब चोरलेला नाही. नुकसान मी केलं आणि आळ त्याच्यावर घेतला. सहदेव, मला माफ कर.”

सहदेव इंजिन बंद करून खाली उतरले. “बॉनेट एकदा जरी बघू दिलं असतंत साहेब, तर हे घडलंच नसतं. आत राख अडवायची जाळी असते. ती तेवढी वेळेवर बदलायची.”

“उद्यापासून ते तूच बघ. येशील ना?”

“येईन. पण यापुढे काही चुकलंसं वाटलं, तर आधी मला विचारायचं. पायरीवर नंतर चढायचं.”

“कबूल!” बेनेडिक्ट म्हणाले आणि मुलांकडे वळले. “आणि तुम्ही तिघं! कुलूप काय, डोळा काय! भर रस्त्यात मला उल्लू बनवलंत!”

“शिक्षा करणार का, पप्पा?” रीटाने विचारले.

“शिक्षा? अगं, तुम्ही नसतात तर एका भल्या माणसाचं आयुष्य मी नासवून बसलो असतो. शाबास! आणि ह्या पोरीचं डोकं तर वकिलाचं आहे!” त्यांनी जानकीच्या डोक्यावर हात ठेवला. मार्सेलिनाने तिघांना पोटाशी धरले, आणि रीटाच्या फ्रॉकचा विषय त्या दिवसापुरता तरी निघाला नाही.

जानकी वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. “बाबा, ते मेण...”

“गप ऱ्हव,” सहदेव मृदू स्वरात म्हणाले. “मनात शंका इली, ती तू तपासून बघितलंस. त्यांनी नाय बघितली. धाव आता. घराक जा आणि आवशीक सांग, बांधलेली बोचकी सोड म्हणान!”

“आई! बोचकी सोड!” असे ओरडत जानकी गल्लीतून धावत सुटली, आणि ती घरी पोहोचण्याआधीच तिची हाक पोहोचली.